नववा ट्रॅक

मंगळवार बाजारात, जुन्या मिक्सरच्या भांड्यांशेजारी
सापडला. साडेआठशे म्हणाला, सातशेवर आला.
वायर उंदराने कुरतडलेली,
रिमोटची डावी कांडी आपोआप उजवीकडे सरकते,
म्हणजे सरळ जायचं तर सतत थोडं डावीकडे धरायचं.
घरी आणून खोलला,
तर आतल्या पंख्याला सुताची लव चिकटलेली.
आपल्याच गावचा होता.

डिस्क भाग तीनची.
भाग दोन थोर, असं सगळे सांगतात, आणि खरंय ते;
त्यात वळताना गाडीचं वजन हाताला लागतं.
पहिल्यात गाड्या म्हणजे काडेपेट्या.
तीनला कुणी चांगलं म्हणत नाही.
ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करते,
झाडं पुठ्ठ्याची, शेजारून गेलं की पातळ होतात,
आणि कठड्यामागचे प्रेक्षक एकाच चेहऱ्याचे,
एकदमच हात वर करतात.

पण कन्ना चौकामागे, सिद्राम हत्तुरेच्या पार्लरमध्ये
दोनची डिस्क चरे पडून मेली होती.
तीन होता. म्हणून तीन.

अर्ध्या तासाला पाच रुपये,
मेमरी कार्डाचे वेगळे दोन.
ते दोन आमच्याकडे कधीच नसायचे.
म्हणून रोज पहिल्यापासून: तीच छोटी लाल गाडी,
तेच बंदर, तोच बोगदा, तोच पूल.
चौथ्या शर्यतीला पोचलो की
वेळ संपायची, नाहीतर लाईट जायची
आणि काळ्या काचेत आमचीच तोंडं, घामेजलेली.

मुश्ताक बागवान म्हणायचा, मी नववा ट्रॅक बघितलाय बे.
बर्फ आहे. रस्ताच दिसत नाही.
टायरचा आवाज बदलतो, असा... असा...
आणि तोंडाने काढून दाखवायचा,
एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
पत्र्याखाली आम्ही सातजण ऐकत.
कधी, कुणाच्या पैशाने,
कुणीच विचारलं नाही.

भाचा रेवण आठवा भाग खेळतो.
रात्रभर उतरवून घ्यावा लागला तो.
अख्खं शहर मोकळं, कुठेही वळा;
हा पेट्रोल पंपावर उभा राहून गाडीचे रंग बदलत बसतो.
धडक बसली की एक बटण:
काळ मागे, काच जागेवर, पुन्हा तेच वळण.
तीनमध्ये हे नाही.
पहिल्या फेरीत चेपलेलं बॉनेट
शेवटपर्यंत डोळ्यांसमोर फडफडत राहतं.
रेवणने दोन मिनिटं बघितलं, म्हणाला,
मामा, ही गाडी आहे का साबणाची वडी?
बरोबर आहे त्याचं.

मेमरी कार्ड घेतलं मी. स्वतःचं.
आठ रात्री बसलो, बायको झोपल्यावर, आवाज बंद करून.
पाचवा. सहावा.
सहाव्यात घाटातला एक उतार आहे,
तिथे गाडी क्षणभर हलकी होते;
असा उतार दोनमध्येही नाही, हे मी कुणालाही सांगेन.
सातवा म्हणजे पहिलाच, उलट्या बाजूने:
आधी पूल, मग बोगदा, मग बंदर.
आठवा म्हणजे दुसराच.
नववा उघडण्याआधी उठून पाणी प्यायलो.
तिसराच होता.
ऊन तेवढं जास्त पिवळं केलेलं.

मुश्ताक आता कंटेनर चालवतो.
फोन लावला तेव्हा जहिराबादजवळ चहाला थांबला होता.
काय करायलास बे, एवढ्या रात्री?
सांगितलं. खेळाचं नाव ऐकून
पलीकडे नुसतंच इंजिन.
मग हळू म्हणाला,
नववा उघडला?
उघडला.
मग?
बर्फ आहे, म्हटलं. रस्ता दिसत नाही.
तो जरा थांबला.
आणि आवाज?

फोन कानाशी धरून,
बायको जागी होणार नाही इतक्या हळू
मी तो तोंडाने काढून दाखवला.